ठणका, चमक, आग

रिद्धपूर, २०२५

२८ जुलै
सकाळपासून झड. तरी ओपीडीत एक्केचाळीस. ताप, खोकला, फवारणीनं डोळे चुरचुरणारे दोघे.
शेवटी संत्रावाले दादा आले. वय ४७. गालाची गाठ, जबड्यात उतरलेली. नागपूरला ऑपरेशन झालं, शेक झाले. फाईलच्या शेवटच्या पानावर एक ओळ: घरी ठेवून लक्षणांनुसार उपचार. वीस वर्षं खर्रा. आता तोंड एक बोटभर उघडतं, नाकातून नळी. ट्रॅमाडॉल दिवसातून चारदा. वर कुठून कुठून टोचून घेतलेली डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं.
वहिनी म्हणाली, "रातभर भितीले टेकून बसते. निजता नाई येत त्यायले."
दादा काही बोलले नाहीत. गाल हातात धरून बसले होते, गरम भांडं धरावं तसा.

२९ जुलै
ट्रॅमाडॉलची दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम. दादा तिथंच आहेत. त्यापुढं झटक्यांचा धोका.
रक्ताचा रिपोर्ट: क्रिएटिनिन १.६. डायक्लोफेनॅक आजपासून बंद.
म्हणजे माझ्या कपाटात त्यांच्यासाठी काहीच उरलं नाही.

३० जुलै
अमरावतीला गेले होते. पाच मोठ्या दुकानांत विचारलं. मॉर्फिनची गोळी एकाही ठिकाणी नाही. एकानं तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही लपवायला आले आहे. दुसरा ओळखीचा. म्हणाला, "कोन ठेवते मॅडम ते? रजिस्टर पाहाले सारेच येते. खप किती, त महिन्यात एक."
त्याची भीती खोटी नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक की दुकानदारांनी, दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. एका परवान्यासाठी चार-चार खात्यांचे उंबरठे. १९९७ साली अख्ख्या देशात मॉर्फिन वापरलं गेलं १८ किलो. अठरा किलो! आपल्या शेजारी मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, नीमचला सरकारचा कारखाना आहे.
२०१४ ला कायदा सुधारला. मॉर्फिन धरून सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. मान्यता मिळालेल्या दवाखान्याला आता एकच परवानगी पुरते, राज्याच्या औषध नियंत्रकाची. अकरा वर्षं झाली याला. दुकानदाराच्या मनात १९८५ च आहे.
माझ्या मनात तरी काय आहे? इंटर्नशिपला पाहिलेलं कुलूपबंद कपाट आणि दोन चाव्या.

१ ऑगस्ट
गुडघ्यांची आजी. "तीच पिवळी गोयी द्या माय, दुसरी नाई लागत."
कोणती ते दाखवा म्हटलं. तिनं बटव्यातून प्लास्टिकमध्ये घडी केलेला कागद काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी. अक्षर माझं. जून २०२१. ट्रॅमाडॉल ५०, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस.
चार वर्षं ती त्या कागदावर गोळ्या घेते आहे. दोनाच्या चार झाल्या. कधी इथून, कधी मोर्शीहून, कधी नातू अमरावतीहून आणतो.
"तुमचीच चिठ्ठी हाय न. तुमीच त देल्ली होती."
हो. मीच दिली होती.

१ ऑगस्ट, रात्र
२०१३ च्या नियमानं ट्रॅमाडॉलच्या पाकिटावर लाल चौकट आली. दुकानात वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपून ठेवायचं. एप्रिल २०१८ पासून तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. एवढं सगळं असून माझा कागद चार वर्षं फिरला.
दुकानदारांना बोल लावून झोप येईल म्हणून पाहिलं. नाही आली. 'परत तपासल्याशिवाय देऊ नये' ही ओळ त्या कागदावर नाही. पुढच्या भेटीची तारीख नाही. दहा दिवसांनी आजी का आली नाही, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

२ ऑगस्ट
आजीच्या घरी गेले. एकदम बंद करायचं नाही हे तिला आणि नातवाला दोनदा सांगितलं. पंधरा दिवस चारच ठेवायच्या, पण मोजून, वेळेवर. मग तीन. सोबत पॅरासिटामॉल. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचा व्यायाम. तिनं करून दाखवला, मग म्हणाली, "यानं काय होते?"
होईल, आजी.

४ ऑगस्ट
दादांचा भाऊ पहाटेच्या गाडीनं मोर्शी-वरूडवरून नागपूरला गेला. तिथल्या दवाखान्याला मान्यता आहे. मी चिठ्ठी, फाईल, आधारची झेरॉक्स दिली. फोनवर तिथल्या डॉक्टरांशी बोलले. रात्री आला. मॉर्फिन १० मिलिग्रॅम, १५० गोळ्या. शर्टाच्या आतल्या खिशात घेऊन आला, हात छातीवर ठेवून.

५ ऑगस्ट
अर्ध्या गोळीनं सुरुवात. सकाळी ६, १०, २, ६. रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मधे उठावं लागत नाही. गोळी कुटून, पाण्यात कालवून, नळीतून. (ही साधी गोळी कुटता येते. बारा तासांची येते ती कधीच कुटायची नाही. भावाला हे लिहून दिलं.) सोबत जुलाबाची गोळी रोज, न चुकता. पहिले चार दिवस मळमळीची.
वहिनी सातवी शिकलेली. मुलीची जुनी वही घेतली, रेघा मारून दिल्या: वेळ, किती दिली, किती उरल्या, कसं वाटलं.
दादांची आई ओसरीवर बसलेली. महानुभाव पंथाची, काळं लुगडं, गळ्यात माळ. आत आली नाही. मी निघताना म्हणाली, "अफू हाय न हे? पंथाच्या घरात अमल नाई चालत, माय."
मी म्हटलं, अफूपासून निघतं, पण औषध आहे. तिनं मान वळवली.

६ ऑगस्ट
दादा सलग पाच तास झोपले.

८ ऑगस्ट
एक ते दहामध्ये किती दुखतं हे विचारणं इथं चालत नाही. मी कितीदा पाहिलं आहे. आकडा विचारला की माणूस डॉक्टरला बरं वाटेल तो आकडा सांगतो. दादांना विचारलं, रुपयात किती? त्यांनी पाटीवर लिहिलं, "बारा आणे. पयले सोया आणे होतं."
मग विचारलं, कसं दुखतं? पाटी भरून लिहिलं. जबड्यात ठणकते. कानात चमकते, करंट लागल्यावानी. गालाले आग.
तीन शब्द, तीन दुखणी. ठणका मॉर्फिनचं ऐकतो. चमक आणि आग या नसांच्या वेदना, त्यांना मॉर्फिन कमी पडतं, नुसतं मॉर्फिन वाढवत नेलं तर माणूस गुंगतो आणि चमक तशीच राहते. अमिट्रिप्टिलीन १० रात्री सुरू केली. स्वस्त, जुनी, माझ्याच कपाटातली.
आपल्याकडे दुखण्याला केवढे शब्द. ठणकणं, सलणं, टोचणं, हुळहुळणं, कळ, वळ, भगभग, मुंग्या. कॉलेजात आम्हाला ते सगळे गाळून 'पेन' एवढंच लिहायला शिकवलं. मी बावीस वर्षं केसपेपरवर तेच लिहीत आले.

९ ऑगस्ट
डोस एक पूर्ण गोळी. नागपूरला फोन करून विचारूनच.

१० ऑगस्ट
आईशी बोलले. खरं तर तीच बोलली. नवऱ्यानं दारूत शेती घालवली, तेव्हा तिनं उपदेश घेतला, तेव्हापासून घरात अमल नाही. मुलानं खर्रा धरला तेव्हाही ती वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हती. आता शेवटी अफूच त्याच्या नाकातून घालायची.
मी घाई केली नाही. सांगितलं की शरीराला सवय होईल, ते खरं आहे. अचानक थांबवलं तर त्रास होईल, तेही खरं. पण नशेसाठी घेणारा माणूस घर सोडून गोळीमागं जातो. हा माणूस गोळीमुळे घरात परत येतो आहे. तुम्हीच पहा, काल त्यानं काय विचारलं.
काल त्यानं पाटीवर विचारलं होतं, "फळगळ किती?"
आंबिया बहाराची संत्री पावसानं टपाटप गळताहेत. दोन महिन्यांत त्यानं बागेचं नाव काढलं नव्हतं.
आई बराच वेळ माळ फिरवत राहिली.

१२ ऑगस्ट
रात्री नऊ, शटर अर्धं खाली. एक पोरगा. तेवीस-चोवीसचा, टेम्पोवर हमाली करतो. "मॅडम, खांदा दुखून रायला. टॅपेंटाडॉल शंभर लिहून द्या." नाव, ताकद, दोन्ही तोंडपाठ. खांदा तपासू दे म्हटलं तर मागं सरकला. नाही म्हटलं. गेला.
हेच औषध कॅरिसोप्रोडॉलमध्ये मिसळून पालघरहून घाना, नायजेरियाकडे जात होतं. फेब्रुवारीत बातमी फुटली, मग केंद्रानं त्या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या काढून घेतल्या. तेव्हा पेपर वाचून मला वाटलं होतं, लांबची गोष्ट.

१३ ऑगस्ट
'नाही' म्हणायला मला दहा सेकंद लागले. 'बस' म्हणायला हवं होतं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटणं चालू. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद. खर्रा हातानं होतो, त्याला कंपनी लागत नाही, पाकीट लागत नाही. झेंड्याला सलाम करून आलेली नववीची दोन पोरं तिथं थांबली. मी गेले, त्यांना घेऊन आले. टपरीवाल्याला बोलले. जोरात बोलले. त्याचा बापही माझाच पेशंट होता, जिभेचा.

१६ ऑगस्ट
दादांचा डोस दीड गोळी. दिवसाच्या नऊ गोळ्या झाल्या.
भाऊ: "बाई, वाढवूनच रायल्या तुमी. थांबन कुठं हे?"
मॉर्फिनला ट्रॅमाडॉलसारखी वरची रेघ नाही. दुखणं वाढलं की वाढवायचं, हळूहळू, माणूस जागा आहे ना, श्वास बरा आहे ना, पाहत. हे पुस्तकात सोपं आहे. रात्री बाराला मी पण घड्याळाकडे पाहत पडते आणि त्यांचा श्वास मोजते, इथून.
आजी: आजपासून तीन.

१८ ऑगस्ट
दादांना चार दिवस शौच नाही. वहिनीनं जुलाबाची गोळी बंद केली होती, "नळीतून जेवन जाते, त कायले लागन" म्हणून. चूक माझी. कशासाठी ते समजावलं नव्हतं. एनिमा, जुलाबाच्या गोळीचा डोस दुप्पट. संध्याकाळी मोकळं झालं.

१९ ऑगस्ट
तो पोरगा आला. आईनं दंडाला धरून आणला. नाक वाहतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, घाम. सर्दी नव्हे. दोन दिवस गोळी मिळाली नाही.
आज बसवला. आईला बाहेर चहा प्यायला पाठवलं. कधीपासून? दीड वर्ष. आधी खरंच खांदाच दुखला होता, पोती टाकून. कोणीतरी पाच गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्यावर चाळीस पोती वाटलीच नाहीत.
जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर साठवला. शुक्रवारी पोळा आहे, त्याआधी जा म्हटलं. तेवढ्यासाठी उलटी-जुलाब-अंगदुखीचं औषध दिलं. उपदेश दिला नाही.
तो आणि आजी. दोघंही पाच-वीस गोळ्यांच्या एका चिठ्ठीपासून निघाले.

२० ऑगस्ट
भाऊ नागपूरहून रिकामा परत. साठा संपलाय, सोमवारी या.

२२ ऑगस्ट
पोळा. दादांना अंगणात खुर्चीवर बसवलं. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली. एक जोडी त्यांच्यासमोर थांबवली, त्यांनी बैलाच्या कपाळाला हात लावला. गालाची पट्टी आज स्वच्छ होती. आईनं बदलली म्हणे.
काल रात्री वही आणि बाटली दोन्ही तपासली. उरल्या ४२. वहीतही ४२. रोज नऊ. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सहाची मात्रा होईल, दहाची होणार नाही.

२४ ऑगस्ट
तीन दवाखान्यांना फोन केले. एकानं विचारलं, "अजून जिवंत आहे का पेशंट?"
ऑक्टोबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगानं हिशोब मांडला होता: भारतात ओपिऑइड वेदनाशामकांची जितकी गरज, त्याच्या ४ टक्के पुरवठा. तेव्हा मी तो तक्ता एका चर्चासत्रात पडद्यावर पाहिला होता, जेवणाच्या सुट्टीआधी.

२५ ऑगस्ट
चक्रधरस्वामींचा अवतार दिन. गाव भरून गेलं. काळी वस्त्रं, "दंडवत, दंडवत". मराठी विद्यापीठाची पोरं राजमठापाशी फोटो काढत होती.
म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या याच गावी, वाजेश्वरीला बसून. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं, त्याच्यापाशी जाऊन विचारायचं. नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. आणि लिहायचं ते बोललेल्या शब्दांत. सातशे वर्षांपूर्वीची ही शिस्त. वहिनीची वही पाहिली की मला तेच आठवतं. कालची तिची नोंद: "२ वाजता दीड. ठनका चार आने. चमक नाई. नातीले पाहून हासले."
माझ्या एकाही केसपेपरमध्ये एवढं नाही.
भाऊ सकाळीच नागपूरला गेला. दुपारी फोन: उद्या म्हणतेत. तिथंच मुक्काम.

२६ ऑगस्ट
सहाची मात्रा दिली. बाटली रिकामी.
भाऊ रात्री नऊ वीसला पोहोचला. १०० गोळ्या. साठा कमी, जास्त मिळाल्या नाहीत. दहाची मात्रा दहालाच गेली.
मी घरी येऊन जेवले. काय जेवले आठवत नाही.

२८ ऑगस्ट
अमेरिकेतून भाची बोलली. तिथं नर्स आहे. मॉर्फिनचं ऐकून घाबरली, "मावशी, जपून." तिनं पाहिलेलं वेगळं. १९९६ ला परड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन आणलं, सवय क्वचितच लागते असं डॉक्टरांना पटवलं, साध्या पाठदुखीलाही महिनोन्‌महिने लिहिलं गेलं. २००७ मध्ये कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, तोवर घरंच्या घरं गेली होती. तिच्या वॉर्डात अजून येतात.
तिला म्हटलं, इथं मी दोन्ही करून बसले आहे. आजीला लिहिलं तेव्हा परत पाहिलं नाही. आणि दादांसारखे किती जण या बावीस वर्षांत माझ्या हातून भिंतीला टेकून गेले, त्यांना लिहिलंच नाही.
ती बराच वेळ बोलली नाही.

३० ऑगस्ट
आजी दोनवर. रात्री पाय तळमळतात, चिडते, नातवाला भांडं फेकून मारलं. पण देवळापर्यंत काठीनं गेली. गुंडाळीचा व्यायाम करते. माझ्यावर राग आहे. असू दे.
पोरगा दोनदा अमरावतीला जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला नाही. आईला फोन केला.

१ सप्टेंबर
दादांची लघवी कमी. दिवसभर झोप झोप. हात मधेच उडतात. तीन दिवसांत दोनदा जादा मात्रा लागली होती, शुक्रवारी आणि काल. आज एकदाही नाही.

२ सप्टेंबर
पहाटे साडेपाचला बोलावणं. हात उडणं वाढलं. मूत्रपिंडं थकली की मॉर्फिन अंगात साठतं. नागपूरशी बोलून कमी केलं: आठ तासांनी एक गोळी. झटक्यांसाठी वेगळं औषध. वहिनीला वाटलं मी औषध काढून घेते आहे. कमी का, ते तिला पाटीवर चित्र काढून सांगितलं.
भाऊ मला बाहेर आंब्याखाली घेऊन गेला. आवाज फुटत नव्हता. "बाई, एकदाच जास्त देऊन टाका न. आमी कोनाले नाई सांगनार."
याचं उत्तर तयार ठेवता येत नाही. मी म्हटलं, दादा कण्हताहेत का आता? "नाई." कपाळावर आठी आहे का? "नाई." मग ती जास्तीची गोळी कोणासाठी, तेवढं मला सांग.
तो खाली बसला. मीही बसले. आई आतून पाहत होती.
जाणाऱ्याला मी थांबवणार नाही, ढकलणारही नाही. दुखू देणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. हे त्याला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

३ सप्टेंबर
आई आता उशाशी बसते. रात्रीची गोळी तिनं स्वतः खलबत्त्यात कुटली.

४ सप्टेंबर
शांत. पाटी कोरी.

५ सप्टेंबर
दादा पहाटे चारला गेले. मी पोहोचले तेव्हा चेहऱ्यावर ताण नव्हता. गाल सैल. आई म्हणाली, "निजल्यावानीच गेला, माय." मग मला म्हणाली, "दंडवत." मीही केलं.

९ सप्टेंबर
वहिनी बाटली घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं. "घरात नाई ठेवत म्या हे. लेकरं हायेत."
टेबलावर कागद पसरून दोघींनी मोजल्या. ३१. वहीतला हिशोब काढला: १०० आल्या, पहिल्या रात्री तीन, मग सहा दिवस नऊ-नऊ, दोन जादा मात्रांच्या तीन, शेवटचे तीन दिवस तीन-तीन. ६९ गेल्या. ३१.
नागपूरच्या दवाखान्याच्या नावानं पाकीट करून सही केली. भाऊ घेऊन जाईल. वही मागितली, नोंदीसाठी. वहिनीनं दिली नाही. म्हणाली, झेरॉक्स काढून घ्या.

११ सप्टेंबर
नवीन शिक्का आला: 'दहा दिवसांसाठीच. परत तपासल्याशिवाय औषध देऊ नये.' खाली तारखेची जागा.
आजी दोनवरच आहे. पोरगा आज आईसोबत अमरावतीला गेला.
अमरावतीच्या ओळखीच्या दुकानदाराकडे पुन्हा जाऊन आले. २०१४ च्या कायद्याची प्रत देऊन आले. ठेवून घेतली, वाचतो म्हणाला.
नागपूरहून पोच आली. मॉर्फिन १० मिलिग्रॅम, ३१ गोळ्या, जमा.